काडेपेटीतल्या तोफा

दादाने बेळगावचं घर रिकामं केलं तेव्हा माझ्या वाट्याला तीन वस्तू आल्या. आज्जीचं तांब्याचं घंगाळ, आईची शिवणाची कात्री आणि चपलांचं एक खोकं. खोक्यावर दादाच्या शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, ‘हात लावू नये’. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं कोणी लावलाही नसेल. आत एक स्पिटफायर होतं. प्लास्टिकचं, माझ्या वितीहूनही लहान, अर्धवट रंगवलेलं. डाव्या पंखावर हिरव्या रंगाचे ब्रशचे फराटे, उजवा पंख तसाच उघडा. आणि बाजूला एक काडेपेटी, रबरबँडने बांधलेली. रबर हात लावताच तुटलं. काडेपेटीत दोन नळ्या होत्या, उदबत्तीच्या काडीपेक्षा बारीक. विमानाच्या तोफा.

त्या काडेपेटीची गोष्ट आधी सांगते. 1979 साली मी दहा वर्षांची होते, दादा चौदाचा. व्यापारी जहाजावर नोकरीला असलेल्या मामांनी त्याच्यासाठी एअरफिक्सचा डबा आणला होता. दादाला विमानांचं वेड. सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र, तिथे विमान दिसेल म्हणून हा पोरगा उन्हातान्हात सायकल हाणत जायचा. डबा त्याचा होता, पण त्याची बोटं जाड. बारीक तुकडे धरायला मी लागायचे. धर म्हटलं की धरायचं, सोड म्हटलं की सोडायचं. एकदा गोंद लागलेल्या जागी माझा अंगठा टेकला. ह्या कामाचा गोंद चिकटवतो म्हणजे खरं तर प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. त्यामुळे माझ्या अंगठ्याच्या रेषा विमानाच्या पोटावर कायमच्या उमटल्या. दादा दोन दिवस बोलला नाही.

भाद्रपद होता, दशलक्षण पर्व चालू होतं. आज्जी बस्तीतून आली, आमच्याजवळ टेकली आणि त्या दोन नळ्या बोटाने दाखवून म्हणाली, “हे काय रे?” दादा ऐटीत म्हणाला, “तोफा! मिनिटाला सहाशे गोळ्या.” आज्जीने आवाज चढवला नाही. म्हणाली, “विमान कर की. माणसं न्यायला-आणायला चांगलं आहे. पण ह्या नळ्या नकोत माझ्या घरात, त्यातून पर्वाचे दिवस.” दादाने हट्ट केला, रडला. शेवटी तोफा काडेपेटीत गेल्या, पर्व झाल्यावर लावू म्हणून. पर्व संपलं, मग सहामाही परीक्षा, मग दहावी. विमान तसंच राहिलं.

आता ते बडोद्यात माझ्या जेवणाच्या टेबलावर होतं. मुलं आपापल्या गावी, ह्यांना निवृत्तीला एक वर्ष बाकी, दुपार मोठी. वाटलं, पुरं करू या.

पहिली अडचण ब्रशची. खोक्यात दादाचा ब्रश होता. बारीक टोकाचा, अजूनही टोक शाबूत. चित्रकलेचे सर मोठ्या अभिमानाने हे ब्रश आणून देत, मुंगसाच्या केसांचे. तेव्हा आमच्या घरात कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं! कांदा-बटाटा न खाणारं घर, पाणी गाळून पिणारं घर, आणि मुलाच्या हातात मुंगसाचे केस. एका ब्रशसाठी एक मुकं जनावर सापळ्यात जातं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. आता आपल्या देशात मुंगसाच्या केसांच्या ब्रशवर कायद्याने बंदी आहे, तरी चोरून चालतात म्हणे. परदेशी भारी ब्रश सेबलचे, म्हणजे तेही विंझलासारख्या प्राण्याच्या शेपटीचे. दुकानदाराने नायलॉनचे दाखवले. ते आणले, पण एवढ्याशा पंखावर फराटे उठायचेच. दादाच्या डाव्या पंखासारखे.

उपाय सापडला तो दांडिया बाजाराच्या बाजूला, गणपतीच्या कारखान्यात. बडोद्यात मराठी माणसांचा गणपती गायकवाडांच्या काळापासून मुरलेला. दरवर्षी मी शेजारणीबरोबर मूर्ती ठरवायला जाते. शेजारीण देशस्थ, गणपती तिचा, पसंती मात्र माझी. तिथला पोरगा पितांबराला रंग देत होता. हातात पेनासारखं काहीतरी, त्याला नळी, नळी कॉम्प्रेसरला. पिवळ्यातून केशरी आणि केशरीतून तांबडा असा चढला की कुठे जोड दिसेना. ब्रश मूर्तीला टेकतच नव्हता. नुसती वाफ. मी विचारलं, “ह्यात केस नसतात ना?” तो हसला. “काकू, ह्यात एक सुई असते, बास. डोळे तेवढे ब्रशने. बाकी सगळं गनने.”

ते एअरब्रश. त्या सुईचा इतिहास मी नंतर शोधून वाचला आणि वाचताना मजा वाटली, कारण तो स्वयंपाकघरापासून फार लांब नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात ॲबनर पीलर नावाचा एक खटपट्या गृहस्थ होता. 1870 च्या दशकाच्या अखेरीस त्याने रंग फवारायचं पहिलं ओबडधोबड यंत्र केलं ते एक वाकवलेला चमचा, शिवणाची जुनी सुई, सोनाराचं हत्यार आणि लाकडाचे ठोकळे घेऊन. फोटोंना रंग द्यायला, मोठ्या केलेल्या फिकट फोटोंत जीव आणायला त्याला ते हवं होतं. त्याच्याकडून हक्क विकत घेतले लिबर्टी वॉकअप ह्याने, आणि इलिनॉयमधल्या रॉकफर्डला कंपनी काढली. पण नुसतं यंत्र विकून काय होतंय? चालवायचं कसं हे लोकांना शिकवलं त्याच्या बायकोने, फीबी वॉकअपने. ती स्वतः उत्तम चित्र काढायची. नवऱ्याने कारखाना बघायचा आणि हिने वर्ग चालवायचे. विल्सन आयर्विनसारखा पुढे नावाजलेला चित्रकार तिच्या हाताखाली हे तंत्र शिकला. कंपनीच्या इतिहासात नवऱ्याचं नाव आधी येतं, ते असो.

आज वापरतात तसं, पेनासारखं आणि आतल्या आत रंग-हवा मिसळणारं एअरब्रश चार्ल्स बर्डिकचं. थेअर अँड चँडलर कंपनीने ते लोकांपुढे मांडलं 1893 साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. 1893, शिकागो! हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबरमध्ये सर्वधर्म परिषद भरली होती, आणि आपल्या धर्माच्या वतीने तिथे बोलायला गेले होते महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी. एकोणतीस वर्षांचा वकील. आमंत्रण होतं आचार्य विजयानंदसूरींना, पण मुनींना समुद्र ओलांडून जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ह्यांना तयार करून धाडलं. एकाच शहरात, एकाच मोसमात, एकीकडे हे अहिंसेवर बोलताहेत आणि दुसरीकडे मंडपात कोणीतरी बिनकेसांचं ब्रश दाखवतंय. वीरचंदांनी ते पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्याच.

दिवाळीनंतर मी एअरब्रश आणि लहानसा कॉम्प्रेसर घेतला. कारखान्यातल्या पोराने चार रविवार शिकवलं. बोटाखालचा खटका दाबला की हवा येते, मागे ओढला की सुई मागे सरकते आणि रंग येतो. जितका ओढाल तितका रंग. दोन्ही गोष्टी एकाच बोटाने, एकाच वेळी. मला वाटलं होतं जमणार नाही, पण रांगोळीचं बोट कामाला आलं. चिमूट किती सोडायची हे ज्या बोटाला कळतं त्याला खटकाही कळतो. रंग दुधाइतका पातळ हवा, ताकासारखा असला की नळीत अडकतो. फवारा विमानाबाहेर सुरू करायचा आणि विमानाबाहेरच थांबवायचा, नाहीतर कडेला थेंब साचतो. फार जवळ गेलं की रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात, फार लांब गेलं की रंग हवेतच वाळून भुकटीसारखा बसतो. पावसाळ्यात हवेतलं पाणी नळीत जमतं आणि मध्येच रंगात शिंतोडा उडतो.

आणि धुणं. मैत्रिणींनो, रंगवणं पाच मिनिटं आणि धुणं पंधरा. सुई काढायची, पुसायची, तोंडाची पितळी टोपी काढायची. दुसऱ्याच आठवड्यात सुई सिंकमध्ये पडली आणि टोक वाकलं. केसाइतकं वाकलं असेल, पण फवारा एका बाजूला जायला लागला. नवी सुई मागवेपर्यंत दहा दिवस गेले. ह्यांनी तेवढ्यात विचारून घेतलं की हे सगळं चाललंय ते नक्की कशासाठी. मी म्हटलं, दादासाठी. ते खरं नव्हतं पूर्ण.

रंग द्यायचा तर कुठल्या विमानाचा, हे ठरवावं लागतं. डब्यावरचा कागद केव्हाच हरवला होता. शोधता शोधता कळलं की ब्रिटिश हवाई दलात एका स्क्वॉड्रनचं नावच बडोदा होतं. 124 (बरोडा) स्क्वॉड्रन. हैदराबादच्या निजामाच्या देणगीवरून जशी 152 (हैदराबाद) स्क्वॉड्रन, तशी बडोदा संस्थानाच्या देणगीवरून ही. प्रतापसिंह गायकवाड तेव्हा गादीवर होते. ही तुकडी 1941 च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, कॅसलटाऊनला नव्याने उभी राहिली, स्पिटफायर घेऊन. विमानांच्या अंगावर ‘ओएन’ ही दोन इंग्रजी अक्षरं असत. म्हणजे सुरसागरच्या काठावरून मी रोज भाजीला जाते, त्या गावाचं नाव घेऊन ती विमानं इंग्लिश खाडीवर लढायला जात होती.

देणगी म्हणजे नुसती राजेरजवाड्यांची नव्हती. 1940 मध्ये ब्रिटनच्या विमान-उत्पादन मंत्र्याने, लॉर्ड बीव्हरब्रुकने, एका स्पिटफायरची किंमत पाच हजार पौंड अशी जाहीर केली. खरा खर्च त्याच्या दुपटीहून जास्त. पण आकडा असा गोल केला की गावं, कारखाने, क्लब वर्गणी काढू लागले. आणि त्याच जुलैमध्ये घरोघरच्या बायकांना सांगण्यात आलं की ॲल्युमिनियमची भांडी द्या, त्यांची विमानं करू. बायकांनी पातेली, तवे, किटल्या नेऊन ढीग लावले. मी ते ढिगांचे फोटो पाहिले आहेत. आपल्या हातचं पातेलं देणं म्हणजे काय, हे पुरुष इतिहासकाराला तितकंसं कळणार नाही. आणि ते पातेलं विमान होऊन कोणाच्या तरी घरावर जाणार, हे देताना त्यांच्या मनात आलं असेल का?

खेळण्यातली विमानं तरी निव्वळ खेळणी होती का, तर तेही नाही. माझं स्पिटफायर एकास बहात्तर ह्या प्रमाणात आहे, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. इंग्लंडमध्ये 1930 च्या दशकात स्कायबर्ड्सने लाकडाच्या संचांसाठी हे माप धरलं. 1936 मध्ये फ्रॉग कंपनीने पेंग्विन नावाने प्लास्टिकचे पहिले संच काढले, ते त्याच मापाचे. मग युद्ध आलं आणि तेच माप कामाला लागलं. 1942 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने देशभरच्या शाळांकडे पाच लाख मॉडेल मागितली. मुलांनी वर्गात लाकूड तासून ती करायची, काळी रंगवायची, आणि सैनिकांनी ती आभाळाकडे धरून ओळखायला शिकायचं, आपलं कुठलं नि शत्रूचं कुठलं. चुकलं तर आपलंच माणूस मरणार. म्हणजे शाळकरी पोरांच्या हातची ती विमानं माणसं मारायलाही शिकवत होती आणि वाचवायलाही.

एअरफिक्सची गोष्ट त्या मानाने साधी. ती कंपनी काढली निकोलस कोव्ह ह्या हंगेरीतून आलेल्या ज्यू माणसाने, 1939 मध्ये. आधी हवा भरलेली रबरी खेळणी, युद्धानंतर कंगवे. कंगव्यांत तर ते ब्रिटनमध्ये सगळ्यांत पुढे होते. कंगवे ओतायची ती यंत्रंच पुढे खेळण्यांच्या कामाला आली. स्पिटफायरचा संच काढू या असं हाताखालच्या लोकांनी सुचवलं तेव्हा कोव्हचा विश्वासच बसेना की हे कोणी विकत घेईल. साचा करायचा खर्च तुमच्याकडून वसूल करीन, अशी धमकी दिली त्याने. पुढे काय झालं ते माझ्या मामांनी आणलेल्या डब्यावरून दिसतंच आहे.

एव्हाना माझं विमान रंगून झालं होतं. दादाचा हिरवा रंग घासून काढला, अंगठ्याच्या रेषा मात्र ठेवल्या. पोटाला फिकट करडा. वर हिरवा आणि समुद्री करडा ह्यांचे पट्टे. 1941 च्या ऑगस्टपासून ब्रिटिश लढाऊ विमानांना हेच रंग ठरले होते, खाडीवरून उडताना पाण्यात मिसळून जावेत म्हणून. शेपटीजवळ आकाशी पट्टा. चिकटपट्टीतून ‘ओएन’ कापून तीही अक्षरं फवारली. राहिल्या त्या काडेपेटीतल्या दोन नळ्या.

सासूबाईंचं वय त्र्याऐंशी. रोज दुपारी त्यांच्या स्वाध्यायाला चार बायका येतात. त्यांतल्या एकीने विमान बघून विचारलं, हे हिंसादान नाही का होत? प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार आहेत, त्यांत हिंसादान आहे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, साखळदंड अशी हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. मी म्हटलं, ह्याने माशीही मरणार नाही. तर ती म्हणाली, मग तोफा कशाला, तशाच राहू दे ना, छान दिसतंय. आज्जीही हेच म्हणाली होती. मला एकदम दहा वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

त्या रात्री मी तोफा परत काडेपेटीत ठेवल्या. निर्णय झाला असं वाटलं. पण झोप लागेना, कारण एअरब्रशबद्दल वाचलेलं आणखी एक आठवत राहिलं. ह्याच सुईने लोक फोटोंतून माणसं पुसत. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनच्या शेजारी निकोलाय येझोव्ह चालतोय, असा एक फोटो आहे. येझोव्ह गुप्त पोलिसांचा प्रमुख, हजारोंना ज्याने मारलं तो. पुढे 1940 मध्ये त्यालाच गोळी घातली आणि त्याच फोटोतून तो गेला. तिथे आता नुसतं कालव्याचं पाणी. इतकं सफाईचं काम की पाणी खरं वाटतं. एवढं लांब कशाला, रॉय क्रॉस ह्या चित्रकाराने एअरफिक्सच्या डब्यांसाठी धडाडत्या लढायांची चित्रं काढली होती. पुढे त्यांतल्या काहींमधले स्फोट आणि आगी पुसून तीच चित्रं पुन्हा छापली गेली. बाँबफेकी विमान आपलं निळ्या आभाळात फिरायला निघाल्यासारखं!

मी बडोद्याचं म्हणून जे विमान रंगवलं होतं, त्याच्या पंखात दोन तोफा आणि चार मशीनगन होत्या. त्या तोफांसाठी संस्थानाच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी इथल्याच रयतेच्या सारा-पट्टीतून पैसे गेले होते. तोफा न लावता मी ते कपाटात ठेवलं असतं तर ते दिसायला अहिंसक झालं असतं, पण खोटं झालं असतं. आज्जीची गोष्ट वेगळी होती. तिने घरात शस्त्राची नक्कल नको म्हटलं, तिच्या व्रताच्या दिवसांत. ती इतिहास लिहायला बसली नव्हती. मी मात्र बसले होते. पंखावर ‘ओएन’ लिहून मोकळी झाले होते.

सकाळी तोफा लावल्या. आधी फवारल्या, मग चिमट्याने धरून चिकटवल्या. आता धर म्हणायला कोणी नव्हतं, श्वास रोखून दोन मिनिटं स्वतःच धरून बसले. एक किंचित खाली झुकली आहे. कोणाला सांगितल्याशिवाय दिसणार नाही.

दादाला फोटो पाठवला. घराच्या वाटणीनंतर आमचं बोलणं सणावारी, तेवढ्यापुरतं. त्याचा लगेच फोन आला. “अगं, डाव्या तोफेचं तोंड खाली गेलंय की! आणि ते पोटावरचं काय आहे?” मी म्हटलं, माझा अंगठा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मी येतो बघायला. कधी येऊ सांग.”

विमान कुठे ठेवायचं ह्यावर सासूबाईंशी बोलणं झालं. देवघराच्या भिंतीला नको, एवढंच त्या म्हणाल्या. मग ते बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर गेलं. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत त्याच्यावर फडकं घालते.